सराव क्रमांक सात आणि मंगळवारचा बाजार

गेल्या वर्षी, दिवाळीच्या तीन आठवडे आधीच्या मंगळवारी, भूम तालुक्यातल्या एका गावाचा आठवडी बाजार दोन ठिकाणी भरला. अर्धा नेहमीच्या जागी, बसथांब्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतच्या रस्त्यावर. अर्धा गावाबाहेर, शाळेमागच्या गायरानावर. सकाळी आठ वाजेपर्यंत दोन्हीकडे पालं ठोकून झाली होती. बाजार हलवण्याचा निर्णय कुणीही घेतलेला नव्हता. तो हलवल्याची बातमी आदल्या दिवशी आमच्या वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर आली होती, आणि ती मी लावली होती.

गावाचं नाव इथं देत नाही. त्या गावाबद्दल एकदा चुकीचं छापून झालं आहे.

मी धाराशिवच्या कार्यालयात, संपादनाच्या डेस्कवर, जिल्हा पान पाहते. तालुक्यांतून आलेल्या बातम्या वाचायच्या, दुरुस्त करायच्या, मथळा द्यायचा, पान भरायचं, सात वाजता छपाईला सोडायचं. बातमी पाठवणारी माणसं पगारी नाहीत. प्रत्येकाचा दुसरा धंदा आहे. भूमच्या बातमीदारांचं तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. वय चोपन्न. बातमीदारीला बावीस वर्षं झाली. लिहितात शुद्ध, बोलतात भूमचं.

त्या वर्षी मुख्य कार्यालयानं सगळ्यांसाठी फोनवरचं एक प्रशिक्षण ॲप सुरू केलं. पत्रकात एक वाक्य ठळक होतं: ‘शिक्षण आता कामाच्या ओघातच.’ पाच-पाच मिनिटांचे धडे. धडा संपला की प्रश्न, प्रश्न संपले की गुण, गुण जमले की पदक. सगळ्या जिल्ह्यांतल्या बातमीदारांची क्रमवारी रोज सकाळी दिसायची. शिकवणारा आवाज बाईचा होता, पण बाई नव्हती. मराठी चांगलं बोलायची, फक्त ‘तलाठी’ म्हणताना दर वेळी अडखळायची. पत्रकाच्या शेवटच्या ओळीत असं होतं की, जे महिनाअखेरपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण करणार नाहीत त्यांचं लॉगिन बंद होईल आणि ओळखपत्राचं नूतनीकरण होणार नाही.

पत्रक वाचून भूमच्या बातमीदारांनी फोन केला.

“ताई, ही शेवटची वळ खरी हाय का नुसतं भ्या दाखवायला?”

“खरी आहे.”

“मग झालंच की. कार्ड गेलं की म्या तहसीलसमोरचा झेरॉक्सवाला. आज आत गेलो तर बसा म्हनत्यात. उद्या म्हनतील, दोन कापी काढून आना.”

“धडे सोपे आहेत. मी चार केले.”

“तुमचं वय काय, माझं काय. बरं, बघतो. सायंकाळी गिऱ्हाईक नसतंय.”

त्यांनी केले. रोज दोन, कधी तीन. पहिल्या आठवड्यात क्रमवारीत ते जिल्ह्यात दुसरे होते. पहिले वाशीचे बातमीदार. ते तिशीतले आहेत, मोबाइल दुरुस्त करतात. दोघांचे तालुके लागून, दोघांची जुनी चेष्टा. वाशीचे बातमीदार रोज सकाळी क्रमवारीचा फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकायचे आणि खाली लिहायचे, ‘काकांनी दम लागंस्तवर पळू नये.’ भूमचे उत्तर द्यायचे, ‘पोरा, तुझ्या दुकानात उंदीर फोन खातेत, ते बघ आधी.’

ॲपमध्ये एक घोळ पहिल्यापासून होता. जिल्ह्यांच्या यादीत धाराशिव आणि उस्मानाबाद असे दोन जिल्हे होते. माझी नोंद एकात झाली होती, बातमीदारांची दुसऱ्यात. त्यामुळे त्यांचे धडे मला दिसत नव्हते आणि माझे त्यांना दिसत नव्हते. मी दोनदा कळवलं. ‘आपली सूचना मोलाची आहे’ असं उत्तर आलं.

सराव क्रमांक सात रविवारी उघडला. तो बातमी लिहिण्याचा होता. ॲप काही मुद्दे द्यायचं, त्यांवरून दीडशे शब्दांत बातमी लिहायची. आधीचे सराव सगळ्यांना सारखे होते: एका काल्पनिक शहरातली काल्पनिक आग वगैरे. सातवा मात्र, पत्रकाच्या भाषेत, ‘आपल्या परिसराला साजेसा’ होता. त्यासाठी ॲपमागच्या यंत्रानं बातमीदारांच्या जुन्या बातम्या वाचल्या होत्या. भूमच्या बातमीदारांनी त्या गावाच्या बाजारावर अनेक वर्षांत अनेक बातम्या दिल्या होत्या: रस्त्यावरच्या बाजारामुळे एसटी अडते, गायरानावर जागा आहे, बाजार तिकडं न्यावा अशी मागणी आहे. वाशीच्या बातमीदारांनीही दिल्या होत्या, कारण त्यांच्या तालुक्यातले व्यापारी त्या बाजाराला जातात. यंत्रानं त्या मागण्यांतून पुढची पायरी तयार केली. मुद्द्यांत लिहिलं: ग्रामपंचायतीचा निर्णय, येत्या मंगळवारपासून बाजार गायरानावर, पिण्याच्या पाण्याची सोय, व्यापाऱ्यांनी नोंद घ्यावी. दोघांनाही हेच मुद्दे आले.

हे सगळं मला नंतर कळलं. रविवारी संध्याकाळी मला एवढंच माहीत होतं की चार वाजून बावन्न मिनिटांनी भूमहून बाजाराची बातमी आली आणि पाच वीसला वाशीहून तीच आली.

ती माझ्याकडे का आली, हे सांगायला हवं. आमच्याकडे बातम्या पाठवायची पद्धत गेल्या काही वर्षांत चार वेळा बदलली. प्रत्येक बदलात मजकूर हरवला. एकदा तीन दिवसांच्या बातम्या कुठं गेल्या ते अजून सापडलेलं नाही. तेव्हा मी बातमीदारांना सांगितलं होतं: कुठल्याही नव्या यंत्रावर काहीही लिहिलं, तर एक प्रत आधी माझ्या नंबरवर टाकायची. काहीही. ते पाळत आले. सराव लिहून झाल्यावर दोघांनी प्रत टाकली. ॲपमधून मजकूर उचलला की वरचा ‘सराव क्रमांक ७’ हा मथळा सोबत येत नाही, हे त्यांना दिसलं नाही. दिसलं असतं तरी त्यांना वाटत होतं की सराव मीच तपासते.

रविवारी पान भरायला मजकूर कमी असतो. कार्यालयं बंद, पत्रकं येत नाहीत. डाव्या कोपऱ्यात दोन कॉलमांची जागा मोकळी होती. आमच्या टेबलावर एक जुना नियम आहे: एकच बातमी दोन तालुक्यांतून, एकमेकांना न विचारता आली, तर ती पक्की धरायची. मी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहिले. शब्द वेगळे होते, तपशील एक होते. नक्कल नव्हती. भूमची बातमी चांगली बांधलेली होती; तीच घेतली, वाशीच्या बातमीतली पाण्याची ओळ जोडली. सरपंचांना फोन केला नाही. ओळ दिली, ‘भूम, वार्ताहर’. मथळा दिला, ‘आठवडी बाजार उद्यापासून गायरानावर’. सोमवारच्या अंकात ‘उद्या’ बरोबर बसत होतं.

सोमवारी सकाळी अंक गावात गेला. त्यानंतर जे झालं ते मी चार जणांकडून वेगवेगळं ऐकलं आहे आणि चारही हकिकती एकमेकींशी जुळतात.

भूमच्या बातमीदारांनी दुकान उघडताना पान पाहिलं. आपण लिहिलेला सराव छापून आला आहे, हे त्यांनी ओळखलं. त्यांना वाटलं, डेस्कनं ग्रामपंचायतीला विचारलं असेल, निर्णय खरंच झाला असेल, आणि यंत्राला तो आपल्या आधी कळला असेल. थोडं वाईट वाटलं, असं ते म्हणाले. आपल्या गावची खबर आपल्याला धड्यातून कळावी.

वाशीच्या बातमीदारांना वाटलं, काकांनी सराव करता करता खरी बातमी काढली.

सरपंच बाई आहेत. त्यांनी बातमी वाचली आणि त्यांना वाटलं, वरून आदेश झाला. ग्रामसेवक रजेवर होते. पत्र त्यांच्या कपाटात पडलं असेल म्हणून सरपंचांनी सोमवारी दिवसभर कपाटाची किल्ली शोधली.

मला काहीच वाटलं नाही. बातमी लागली होती.

मंगळवारी सकाळी साडेआठला सरपंचांचा फोन आला.

“ताई, तुमच्याकडं आदेशाची प्रत आसंल, ती व्हाट्सॲपवर टाका.”

“कसला आदेश?”

“बाजार हलवायचा.”

“आदेश तुमचाच आहे ना? बातमीत ग्रामपंचायतीचा निर्णय असं आहे.”

“आमचा? आवो, म्या ग्रामपंचायत हाय. म्या घेतला न्हाय. मग घेतला कुनी?”

मी भूमला फोन लावला. लागला नाही. वाशीला लावला. ते म्हणाले, “मॅडम, तो सराव होता की.” मी विचारलं, सराव म्हणजे काय. त्यांनी सांगितलं. मला पहिल्यांदा कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं.

मी साडेअकराला गावात पोचले. भूमचे बातमीदार बसथांब्यावर उभे होते, हातात सोमवारचा अंक गुंडाळलेला. नमस्कार झाला. दोघं बाजारातून चालत निघालो. रस्त्यावर भाजीवाले होते, कपडेवाले होते, मिरचीची पोती होती, बटाटे-कांदेवाले नव्हते. बायका पिशव्या घेऊन कांदा कुठं आहे ते विचारत होत्या आणि लोक गायरानाकडे हात करत होते. गायरानावर कांदा होता, भांडी होती, शेव-चिवडा होता, मिरची नव्हती. दोन्हींत अर्ध्या किलोमीटरचं अंतर. त्या रस्त्यावर माणसांची रांग लागली होती, येणारी आणि जाणारी. बकऱ्यांचा बाजार दोन्हीकडे नव्हता. बकरीवाले मधोमध थांबले होते, निर्णयाची वाट पाहत.

गायरानावर एक बांगडीवाल्या बाई कडुलिंबाखाली बसल्या होत्या. त्या लांबून, सीमेकडच्या गावातून येतात. मधूनच कानडीत स्वतःशी बोलत होत्या. त्यांच्या टोपलीत बांगड्यांच्या खाली आमचंच पान अंथरलेलं होतं, तीच बातमी वर.

भूमचे बातमीदार त्यांना म्हणाले, “मावशी, बाजार तिकडंच हाय. हितलं चुकून छापलंय.”

“चुकून?” त्यांनी पान उलटून पाहिलं. “कोनी छापलं?”

“आमीच.”

“मग आता चुकून हितंच ऱ्हाऊ द्या. सावली हाय. तिकडं ट्रकचा धुराळा खाऊन खोकला आलाय मला.” मग माझ्याकडे पाहून, “तुमी मोठ्या बाई का पेपरातल्या?”

“मी पान लावते.”

“मग पुढच्या मंगळवारी बी हेच लावा.”

सरपंच तिथंच आल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा करत भूमच्या बातमीदारांना विचारलं, “काका, बावीस वर्सं तुमी माझ्या गावचं लिवता. म्या इचारते एकच. तुमी हे लिवलं का न्हाय लिवलं?”

“लिवलं, बाई.”

“खरं समजून?”

त्यांनी हातातला अंक उलगडून पुन्हा गुंडाळला. म्हणाले, “लिवताना खोटं हाय ते म्हाईत हुतं. छापून आल्यावर खरं वाटलं. आता तुमी म्हनता म्हनून पुन्हा खोटं.”

“आन तुमी, ताई?”

मी म्हणाले की मी दोन ठिकाणांहून खात्री केली होती.

संध्याकाळी परत येऊन मी खुलासा लिहिला. सहा ओळी. बाजार पूर्वीच्याच जागी भरेल, सोमवारची बातमी अनवधानाने प्रसिद्ध झाली, वार्ताहराचा दोष नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. शेवटून दुसरी, वार्ताहराची ओळ आवृत्तीप्रमुखांनी काढली. ते दुसऱ्या जिल्ह्यात बसतात. फोनवर त्यांनी आवाज चढवला नाही.

“तुम्ही कुणाला विचारलं नाही?”

“दोन तालुक्यांतून आली होती, सर. वेगवेगळ्या शब्दांत.”

“दोन ठिकाणं नव्हती ती. एकच ठिकाण होतं. दोन फोनांवर.”

हे बरोबर होतं. मी टेबलावरच्या वहीत तो नियम खोडला नाही, त्याखाली एक ओळ मोकळी सोडली.

त्यांनी मला चूक-अहवालाचा दुवा पाठवला. तोही त्याच ॲपमध्ये होता. ‘चूक कोणाची’ या प्रश्नाला तीन पर्याय: बातमीदार, डेस्क, तांत्रिक. एकच निवडता येत होता. मी ‘डेस्क’ निवडलं. लगेच मला चार धडे नेमून दिले गेले.

भूमच्या बातमीदारांच्या खात्यावर तेव्हा काय दिसत होतं ते त्यांनीच फोटो काढून पाठवलं. सराव क्रमांक सात: शंभरपैकी ब्याण्णव. शेरा: ‘प्रसिद्धीयोग्य.’ एक पदकही होतं, लेखणीचं चित्र असलेलं.

“ताई, ह्येचं काय करू?”

“काही नका करू. गुण मिळालेत. आता एकच सराव उरला तुमचा.”

“वाशीच्याला चौसष्ट. फोन करून विचारतोय, काका, बाजार कुठं भरवलाय आज.”

गुरुवारी दुपारी त्यांचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज वेगळा होता. ब्याण्णवचे शून्य झाले होते. पदक गेलं होतं. खाली लाल अक्षरांत: ‘आपला मजकूर पूर्वप्रसिद्ध मजकुराशी जुळतो. नक्कल आढळली. अभ्यासक्रम अपूर्ण.’ जुळणारा मजकूर कोणता, त्याचा दुवाही होता. मी उघडला. आमचं जिल्हा पान, सोमवार, डावा कोपरा.

मी त्यांना म्हणाले की हे उलटं आहे, सराव आधी लिहिला गेला, छापलं नंतर गेलं, वेळ दाखवली की सुटेल. मग वेळा पाहिल्या. सराव लिहून झाला की ॲप तो लगेच घेत नाही. चोवीस तास ठेवून देतं, मग पुन्हा वाचायला लावतं आणि मगच जमा करून घेतं. थांबून वाचलेलं जास्त लक्षात राहतं, असं पत्रकात होतं. त्यामुळे त्यांचा सराव सोमवारी संध्याकाळी जमा झाला. अंक सोमवारी सकाळचा.

“मधे चोवीस तास होते. तुम्ही काही बदललं नाही?”

“छापून आल्यालं कशाला बदलू, ताई? तुमी मथळा दिल्याला.”

वाशीच्या बातमीदारांनी चोवीस तासांनी सगळं पुन्हा लिहिलं होतं, कारण पहिलं त्यांना आवडलं नव्हतं. त्यांचं कशाशीच जुळलं नाही.

महिना संपायला नऊ दिवस होते. ॲपमध्ये मदतीसाठी एक खिडकी आहे. तिथं लिहिलं की लगेच उत्तर येतं. मी रविवारच्या चार बावन्नच्या मेसेजचा फोटो जोडून तक्रार लिहिली. उत्तर आलं की माझ्या जिल्ह्यात या नावाचा बातमीदार नाही. मी दोन जिल्ह्यांची गोष्ट लिहिली. उत्तर आलं की तक्रार संबंधित कर्मचाऱ्यानं स्वतः करावी, आणि खाली माझ्यासाठी एक धडा सुचवला होता, ‘नक्कल कशी टाळावी’.

शुक्रवारी भूमच्या बातमीदारांनी स्वतः तक्रार केली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर, मला फोनवर धरून. मी वाचून दाखवायला सांगत होते, ते वाचत होते.

“म्हनतंय, प्रसिद्ध मजकूर वापरायचा तर मूळ लेखकाची लेखी संमती जोडा.”

“मूळ लेखक कोण दाखवलाय?”

“‘भूम, वार्ताहर.’”

आमच्या पानावर तालुक्याच्या बातम्यांना नाव जात नाही. फक्त ‘वार्ताहर’ जातं.

“म्हणजे तुम्हीच,” मी म्हणाले.

“ते तुमाला म्हाईत, मला म्हाईत. ह्येला कोन सांगनार?”

त्यांनी पत्र लिहिलं. त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे. ‘मी, वार्ताहर, भूम, माझा सोमवारच्या अंकातील मजकूर मला वापरण्यास या पत्राद्वारे संमती देतो.’ खाली सही. त्याखाली, ‘संमती मिळाली’, आणि पुन्हा तीच सही. दुकानाचा शिक्का मारला होता, कारण दुसरा शिक्का नव्हता. मी प्रतिस्वाक्षरी केली. पत्र जोडून पाठवलं. शनिवारी सकाळी उत्तर आलं: ‘अर्जदार आणि संमती देणारी व्यक्ती एकच आहे. संमती अग्राह्य.’

“आता तर मान्य केलं की ह्येनं,” ते म्हणाले. “दोघं एकच म्हनतंय. मग नक्कल कुनाची केली म्या?”

मी तेच वाक्य खिडकीत लिहिलं. अर्ध्या तासानं नवा पर्याय आला. सराव पुन्हा द्यावा, कॅमेऱ्यासमोर. एकच संधी. चेहरा चौकटीत हवा, खोलीत दुसरं कुणी नको.

भूमच्या दुकानात हे शक्य नव्हतं. तिथं गिऱ्हाईक पाठीमागून डोकावतं. ते सोमवारी एसटीनं धाराशिवला आले. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, खिशात ओळखपत्र, पट्टा बाहेर. मी त्यांना पानाच्या खोलीत बसवलं, पंखा बंद केला, कारण कागद हलला तरी यंत्र हरकत घेतं असं कुणी तरी सांगितलं होतं. दार ओढून बाहेर बसले.

“ताई, चा नंतर,” ते आतून म्हणाले.

“काका, बोलू नका.”

दहा मिनिटं टाइपिंगचा आवाज येत होता. मग थांबला. मग मला त्यांचा आवाज ऐकू आला, नेहमीचा, फोनवरचा.

“नमस्कार बाई, भूमहून... न्हाय, धाराशिवहून बोलतोय. एक इचारायचं हुतं. गायरानावर वटे बांधायचं ठरलंय का हो तुमच्या ग्रामपंचायतीत? ... ठरलंय का तेवढं सांगा. ... न्हाय ना? ... कुनी म्हनलं ते सोडा. म्या लिवाय लागलोय, म्हनून इचारतोय. ... न्हाय, छापनार न्हाय. ... व्हय, आता दर टायमाला इचारनार हाय म्या.”

मी दार उघडलं. ते फोन खाली ठेवत होते. पडद्यावर नवीन सरावाचे मुद्दे होते: त्याच गावच्या ग्रामपंचायतीचा निर्णय, गायरानावर व्यापाऱ्यांसाठी ओटे. यंत्रानं आमचा खुलासाही वाचला होता आणि त्यातल्या ‘गैरसोयी’वरून पुढची पायरी रचली होती. मुद्द्यांखाली त्यांनी अडीच ओळी लिहिल्या होत्या. पहिली ओळ: ‘असा कोणताही निर्णय झाला नसल्याचे सरपंचांनी स्पष्ट केले.’

त्यावर एक राखाडी पट्टी आली. ‘दुसऱ्या व्यक्तीशी संभाषण आढळले. परीक्षा थांबवण्यात आली आहे. नोंद मानवी पडताळणीसाठी पाठवत आहोत.’

“काका, हा सराव होता,” मी म्हणाले.

“म्हाईत हाय,” ते म्हणाले. “मागचा बी सरावच हुता.”

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. आम्ही चहा घेतला. ही मानवी पडताळणी कोण करतं, कुठं बसून करतं, हे मी आवृत्तीप्रमुखांना विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मुख्य कार्यालयात विचारलं. तिथं सांगितलं की ते ॲप बनवणाऱ्यांकडे आहे. ॲप बनवणाऱ्यांचा नंबर म्हणून जो दिला, तो त्याच खिडकीकडे नेत होता.

महिना संपला. पहिल्या तारखेला जिल्ह्यातली तीन लॉगिन बंद झाली. भूमचं त्यात नव्हतं. पत्रकाच्या पुरवणीत एक कलम सापडलं: ज्यांची पडताळणी प्रलंबित आहे त्यांचं खातं निकाल लागेपर्यंत बंद करता येत नाही. ओळखपत्राबद्दल त्यात काही नव्हतं. मी विचारलं. उत्तर आलं की ओळखपत्राची मुदत खात्याच्या स्थितीशी जोडलेली आहे.

डिसेंबरात त्यांच्या खात्यावर ‘पडताळणी सुरू’ असं होतं. संक्रांतीला तेच होतं. मार्चमध्ये ॲपचं रूप बदललं, रंग बदलला, शिकवणारा आवाज पुरुषाचा झाला. त्यांच्या नावापुढं ‘पडताळणी सुरू’ राहिलं. जुलैत मी आणि त्यांनी दोन वेगवेगळ्या फोनांवरून एकाच वेळी पाहिलं. माझ्या फोनवर त्यांचं नाव सापडलं नाही. त्यांच्या फोनवर होतं.

आज सकाळी नऊ वाजता त्यांनी त्यांच्या पडद्याचा फोटो पाठवला आहे. पडताळणी सुरू. लॉगिन चालू. ओळखपत्र: वैध, निकाल लागेपर्यंत.